किंमत कुणी मोजायची?

फुकटच्या औषधाला गुण येत नाही, असं मी आजवर कितीतरी जणांना सांगितलं आहे आणि अगदी मनापासून सांगितलं आहे. गारगोटीत माझं औषधांचं दुकान आहे. कडगाव-पाटगावकडच्या वाड्यावस्त्यांवरून माणसं एस.टी.नं येतात, डॉक्टरांची चिठ्ठी पुढे करतात, कुठली गोळी जेवणाआधी आणि कुठली नंतर हे दोनदा विचारून घेतात आणि रुमालाची गाठ सोडून पैसे मोजतात. हा व्यवहार मला कायम स्वच्छ वाटत आला. पैसे मोजलेला माणूस गोळ्या पुऱ्या करतो, पथ्य पाळतो आणि गुण आला नाही तर येऊन जाब विचारतो. फुकट घेणाऱ्याची जीभ उचलत नाही. म्हणून औषध देणाऱ्यानं पैसे घ्यावेत आणि घेणाऱ्यानं ते द्यावेत, यातच दोघांचा मान आहे, असं माझं ठाम मत होतं.

ते मत आता तसं राहिलेलं नाही. सगळंच्या सगळं उलटलं असंही नाही. त्यातलं काय गेलं, काय उरलं आणि का, हे एकदा लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं. हे मत हलवलं ते सतराशे वर्षांपूर्वी सीरियाच्या मुलखात राहिलेल्या दोन जुळ्या भावांनी. कोस्मास आणि दामियान ही त्यांची नावं. दोघेही वैद्य, आणि रोग्याकडून एक पैसाही न घेणारे. ख्रिस्ती परंपरेत ते हुतात्मे मानले जातात आणि संत म्हणून पूजले जातात.

आधी माझं जुनं मत कशावर उभं होतं ते सांगतो. राजा, वैद्य आणि गुरू यांच्याकडे रिकाम्या हातानं जाऊ नये, हे आमच्या घरात लहानपणापासून कानावर पडलेलं. पण त्याच वेळी आमच्या तालुक्यात दुसरीही एक रीत पाहिली होती. काविळीचं औषध देणारी, निखळलेलं हाड बसवणारी, विंचू उतरवणारी माणसं गावोगाव असायची, काही अजून आहेत. त्यांच्यापुढे नारळ आणि अगरबत्तीचा पुडा ठेवायचा, नोट ठेवायची नाही. पैसा घेतला तर हातचा गुण जातो, अशी त्यांची श्रद्धा. औषधशास्त्र शिकून आलेल्या मला या गोष्टीची चीड यायची. पैसे घेत नाही एवढ्यावर लोक त्या माणसावर विश्वास टाकायचे आणि रक्त तपासायला सांगितलं की आमच्यावर संशय घ्यायचे. बऱ्याच काविळी विषाणूमुळे होतात आणि त्यातल्या पुष्कळ काही आठवड्यांत आपोआप उतरतात. श्रेय मात्र पाल्याच्या रसाला मिळतं. जी कावीळ पित्ताच्या नळीत खडा अडकल्यानं होते किंवा ज्या विषाणूनं यकृत कायमचं बिघडतं, तिथे हा उशीर जिवावर बेततो. त्यामुळे 'पैसे घेत नाही' हे वाक्य ऐकलं की मी सावध व्हायचो.

मोफत आरोग्य शिबिरांनी या सावधपणात भर घातली. मांडवाबाहेर पुढाऱ्याचा फोटो, आत रक्तदाब मोजणारी रांग आणि आठवडाभर पुरतील एवढ्याच गोळ्या. रक्तदाबाची गोळी आठवडाभर घेऊन बंद करणं काय असतं हे माझ्यासारख्याला सांगायला नको. आणि मिशनच्या दवाखान्यांबद्दल आमच्या वडीलधाऱ्यांच्या मनात एकाच वेळी दोन भावना असत. कोल्हापुरात अमेरिकन मिशन १८५० च्या दशकापासून होतं. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना उभा केला आणि तेव्हापासून आमच्या भागात दुखणं हाताबाहेर गेलं की 'मिरजेला न्या' हेच वाक्य तोंडी आलं. ज्यांची माणसं तिथून चालत घरी आली, ते जन्मभर उपकार मानत. पण त्याच घरात कुणीतरी हळूच म्हणायचं, 'एवढं करतात, त्यामागं काहीतरी असणारच.' मलाही तसंच वाटायचं. देणाऱ्याचा हात पुढे आला की घेणाऱ्यानं त्याचा दुसरा हात कुठे आहे ते पाहावं, हा माझा नियम होता.

पुढे माझा मेहुणा आजारी पडून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात होता. तो वास्कोला नोकरीस. मी आजरा, आंबोली, सावंतवाडी करत गेलो आणि त्याच्या घरी मुक्कामाला राहिलो. शेजारी एक वयस्क ख्रिस्ती बाई राहत. सगळी चाळ त्यांना आंटी म्हणे. मेहुण्याला बरं वाटू लागल्यावर त्या बोगमाळोच्या चर्चमध्ये मेणबत्ती लावायला निघाल्या आणि मला म्हणाल्या, "तुम्ही मेडिकलवाले ना? मग चला. तिथले दोघे तुमचेच." दाबोळी विमानतळाजवळचं बोगमाळोचं चर्च याच दोन भावांच्या नावाचं आहे. शल्यविशारद आणि औषधविक्रेते यांचे ते पाठीराखे संत, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. ते रोग्याकडून काही घेत नसत, असं आंटींनी सांगितलं तेव्हा माझ्या मनात तोच जुना प्रश्न उठला. एवढं केलं, त्यामागं काय होतं?

त्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं म्हणून मी वाचायला लागलो. इतिहास खात्रीनं सांगतो ते थोडकं आहे. पाचव्या शतकात उत्तर सीरियातल्या किर्‍हुस या गावी त्यांचं मोठं देऊळ होतं आणि तिथला बिशप थिओडोरेट यानं त्याचा उल्लेख केला आहे. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियन त्यांचा भक्त होता. कॉन्स्टँटिनोपलमध्ये त्यांच्या चर्चमध्ये आजारी माणसं रात्री झोपायला जात, स्वप्नात येऊन ते उपाय सांगतात या भरवशावर. बाकीचं सगळं परंपरेनं सांगितलेलं. त्या परंपरेप्रमाणे ते अरब वंशाचे, सीरियात वैद्यक शिकले, भूमध्य समुद्राच्या काठी एगाए या बंदरात त्यांनी रोगी तपासले. ते गाव आज तुर्कस्तानात येतं. सम्राट डायोक्लेशननं ख्रिस्ती लोकांचा छळ मांडला तेव्हा लिसियास नावाच्या अधिकाऱ्यानं त्यांना पकडलं. पाण्यात बुडवून, जाळून, दगड मारून झालं आणि शेवटी शिरच्छेद केला. त्यांचे आणखी तीन भाऊ त्यांच्याबरोबर मारले गेले.

असे ते दोघेच नाहीत. पैसा न घेणाऱ्या वैद्य-संतांचा एक वर्गच पूर्वेकडच्या चर्चमध्ये आहे. निकोमेडियाचा पँटेलिमॉन हा त्यातला फार लोकप्रिय. इजिप्तमधले सायरस आणि जॉन हे दुसरे. नेल्सननं १७९८ मध्ये ज्या अबुकीरच्या उपसागरात नेपोलियनचं आरमार बुडवलं, त्या अबुकीरचं नाव या सायरसवरूनच आलं आहे. या सगळ्यांची चित्रं एकाच धाटणीची असतात. हातात औषधांची लहान पेटी आणि लांब दांड्याचा चमचा. ती पेटी मी भिंग लावून पाहिली. आत कप्पे आहेत, प्रत्येक कप्प्यात वेगळं औषध. संताच्या हातात तलवार, क्रूस, पुस्तक काहीही देता आलं असतं. चित्रकारांनी शेकडो वर्षं कप्प्यांची पेटी दिली. माझ्या दुकानातले खण मला त्या पेटीच्या जातीचे वाटले आणि तेव्हापासून या माणसांकडे मी परक्याच्या नजरेनं पाहू शकलो नाही.

'त्यामागं काय होतं' या प्रश्नानं मात्र पाठ सोडली नव्हती. परंपरा म्हणते की त्यांच्या सेवेमुळे पुष्कळ लोक ख्रिस्ती झाले. म्हणजे माझा संशय खराच की, असं प्रथम वाटलं. मग काळाचा विचार केला. ३०३ साली डायोक्लेशनचा हुकूम निघाला. चर्चं पाडली गेली, ग्रंथ जाळले गेले, ख्रिस्ती माणसाचा हुद्दा आणि न्यायालयातला हक्क काढून घेतला गेला. त्या दिवसांत ख्रिस्ती होणं म्हणजे घरदार आणि गरज पडल्यास मान गमावणं. आमिष दाखवून माणसाला लाभाच्या वाटेला नेता येतं. ज्या वाटेच्या टोकाला खड्ग उभं आहे, त्या वाटेला औषधाच्या पुडीवर कोण जाईल?

हे समजायला गारगोटीच्या माणसाला लांब जावं लागत नाही. स्वातंत्र्यलढ्यात १३ डिसेंबर १९४२ ला गारगोटीच्या कचेरीवर चालून गेलेले सात जण इथे गोळ्यांना बळी पडले. करवीरय्या स्वामी, नारायण वारके आणि त्यांचे साथी यांना कुणी कसलं आमिष दाखवलं होतं, असं या गावात कुणी म्हणणार नाही. जीव जाणार हे दिसत असताना माणूस पुढे पाऊल टाकतो तेव्हा त्याचा हेतू तपासायची आपली नेहमीची पट्टी कामाला येत नाही. आपल्या हुतात्म्यांना मी जी उदारता दाखवतो, ती त्या दोन भावांना नाकारायला माझ्याकडे कारण उरलं नाही. धर्म वेगळा, देश वेगळा, एवढंच ते कारण होतं आणि ते पुरेसं नव्हतं. मिशनच्या दवाखान्यांचा काळ वेगळा होता, त्यांच्यामागे सत्ता होती, तिथे प्रश्न विचारायला जागा आहे आणि तो मी आजही विचारीन. पण मोफत सेवा पाहिली की हेतूवर बोट ठेवायचं, ही माझी जुनी सवय इथे सुटली.

दुसरा धक्का दिला तो तीन अंड्यांच्या गोष्टीनं. पॅलेडिया नावाची एक बाई फार आजारी होती. सगळे वैद्य झाले, शेवटी या भावांच्या हाताला यश आलं. ती दामियानकडे तीन अंडी घेऊन आली. तो घेईना. तेव्हा तिनं देवाची शपथ घातली आणि त्याला ती घ्यावी लागली. कोस्मासला हे कळल्यावर तो इतका संतापला की आपल्याला मरणानंतर या भावाशेजारी पुरू नये असं त्यानं सांगून ठेवलं. रात्री प्रभूनं स्वप्नात येऊन दामियानचा दोष नव्हता असं त्याला सांगितलं. पुढे दोघे मारले गेले तेव्हा लोकांना कोस्मासचं बोलणं आठवलं आणि प्रेतं वेगळी ठेवावीत की काय हे कळेना. तेवढ्यात त्यांनीच कधी बरा केलेला एक उंट माणसाच्या वाणीनं बोलला, दोघांना एकत्रच पुरा म्हणाला.

उंट बोलला की नाही यावर मी वेळ घालवत नाही. मला अडवलं ते कोस्मासच्या रागानं. तीन अंडी! एवढ्यासाठी सख्ख्या भावाला मातीतही दूर करायचं? पण मी या धंद्यात केस पांढरे केलेला माणूस आहे आणि हा राग मला फार चटकन समजला. आमच्या व्यवसायात देणं कधीच मोठ्यानं सुरू होत नाही. आधी पेन येतं, मग दिनदर्शिका, मग दिवाळीचा डबा, मग परिषदेचा प्रवासखर्च. त्यातलं पहिलं घेताना कुणालाही आपण विकले गेलो असं वाटत नाही. मेडिकल कौन्सिलनं २००९ च्या अखेरीस डॉक्टरांना औषध कंपन्यांकडून भेटी घ्यायला बंदी केली ती याच कारणानं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव आपल्याकडे विंचूदंशावरच्या उपचारासाठी सगळ्यांना ठाऊक आहे. कोकणात विंचवाच्या विषानं मुलं दगावत होती, तेव्हा प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध त्यांनी तिथे वापरून दाखवलं. याच डॉक्टरांनी २०१३ मध्ये, रोगी तपासणीला पाठवल्याबद्दल आलेला कमिशनचा धनादेश नाकारला आणि कौन्सिलकडे तक्रार केली. रक्कम काही फार मोठी नव्हती. ती लहान आहे म्हणून त्यांनी दुर्लक्ष केलं नाही, यातच सगळं आलं. कोस्मासला अंड्यांची किंमत नडली नव्हती. आज तीन अंडी घेतली तर उद्या अंडी आणणारीचं दुखणं आधी पाहिलं जाईल आणि रिकाम्या हातानं आलेली उंबऱ्यावर बसून राहील, हे त्याला दिसलं होतं.

मी इतकी वर्षं म्हणत होतो की पैसे मोजल्यानं रोग्याचा मान राहतो. कोस्मास मला दाखवत होता की ज्याच्याकडे मोजायला काही नाही तो त्या मानाच्या हिशेबात येतच नाही. तो दारापर्यंतही पोचत नाही. माझ्या दुकानात आलेल्यांना मी ओळखतो. न आलेल्यांचा विचार मी कधी केला होता?

म्हणून मी त्यांना आठवून पाहू लागलो आणि उधारीची वही काढली. गावाकडच्या कुठल्याही मेडिकलमध्ये अशी वही असतेच. लांबट, लाल कापडाच्या पुठ्ठ्याची, पानाच्या डाव्या अंगाला नाव आणि वाडी, उजवीकडे रक्कम. भात निघाला की लोक पैसे आणून देतात, मी नावावर आडवी रेघ मारतो. वसुलीसाठी मी ती वही नेहमीच वाचत होतो. या वेळी तारखा पाहिल्या. काही नावांपुढे साखरेच्या गोळ्या दर महिन्याला आहेत, मग दोन महिने काहीच नाही, मग एकदम जखमेची मलमपट्टी आणि अँटिबायोटिक. गोळ्या थांबल्या तेव्हा त्या घरी साखर थांबली नव्हती. मागची बाकी राहिली म्हणून माणूस नवीन मागायला आला नाही, हे त्या कोऱ्या दोन महिन्यांत स्वच्छ दिसत होतं. मी कुणाला कधी नाही म्हटलं नव्हतं. पण माझ्या वहीतलं त्याचं नावच त्याला नाही म्हणत होतं. देणेकरी माणूस सावकाराच्या दारावरून जाताना जसा पलीकडच्या बाजूनं जातो, तसे हे लोक माझ्या दुकानासमोरून जात असणार.

या वहीनं मला दामियानही समजावून दिला. एक आजी आहेत. त्यांची बाकी मी एकदा सोडून दिली. दुसऱ्या बाजाराला त्या पिशवीतून नाचणीचं पीठ घेऊन आल्या. "घे लेका, नाही म्हणू नगं," म्हणाल्या. मी घेतलं नसतं तर त्या पुन्हा पायरी चढल्या नसत्या. पॅलेडियानं शपथ का घातली असेल ते मला त्या दिवशी कळलं. बरं झालेल्या माणसाला उपकाराखाली राहायचं नसतं. त्याला आपलाही हात वर करून पाहायचा असतो. दामियाननं ती अंडी घेतली ती मोबदला म्हणून घेतली नाहीत, तिचा हात खाली पडू नये म्हणून घेतली. कोस्मास नियम सांभाळत होता आणि दामियान समोरचं माणूस. दोघांना एकाच खड्ड्यात पुरायचा निवाडा ज्यानं कुणी या गोष्टीत घातला, त्याला वैद्यकीतलं फार खोलवरचं कळलं होतं असं मी मानतो. एकाला दुसऱ्यापासून वेगळं केलं की दोघेही बिघडतात.

याच भावांची तिसरी एक गोष्ट आहे आणि तिनं मला भलत्याच ठिकाणी नेलं. रोमच्या फोरममध्ये त्यांचं चर्च आहे. पोप चौथा फेलिक्स यानं ५२६ ते ५३० च्या दरम्यान जुन्या रोमन इमारतीत ते उभारलं. आत त्या काळचं मोझेक आहे, पीटर आणि पॉल या दोघा भावांना खांद्याला धरून येशूपुढे आणत आहेत. हा शांतिमंदिराचा परिसर. गेलेन या वैद्याची औषधं आणि ग्रंथ ठेवलेलं कोठार याच भागात १९२ च्या आगीत जळालं होतं. ज्या गेलेनच्या नावानं आम्ही अर्क आणि काढ्यांचा धडा शिकलो, तो हाच. तर या चर्चच्या एका सेवकाचा पाय सडला होता. रात्री दोघे संत स्वप्नात आले, त्याचा सडलेला पाय कापला आणि नुकत्याच पुरलेल्या एका इथिओपियन माणसाचा पाय आणून जोडला. सकाळी उठून पाहतो तर एक पाय गोरा, एक काळा, आणि दुखणं गायब. चित्रकार फ्रा अँजेलिकोनं हा प्रसंग पंधराव्या शतकात रंगवला. अवयवरोपण करणारे सर्जन आजही ते चित्र कौतुकानं दाखवतात.

ते चित्र पाहताना मला कौतुक वाटलं, आणि लगेच दुसरं काही वाटलं. रोग्याला हे फुकट झालं. पण पाय कुणाचा गेला? त्या काळ्या माणसाला किंवा त्याच्या घरच्यांना कुणी विचारल्याचं गोष्टीत नाही. तिथे माझं जुनं वाक्य मला पुन्हा भेटलं, फुकट काही नसतं, कुणीतरी मोजतंच. ते वाक्य खरंच होतं. फक्त मी त्यावरून भलता निष्कर्ष काढला होता. कुणीतरी मोजतं, तर रोग्यानंच मोजावं, असं मी म्हणत होतो. खरा प्रश्न पुढचाच आहे. किंमत असतेच, मग ती कुणी मोजायची आणि कधी? अंगात ताप असलेल्यानं, त्याच दिवशी, त्याच काउंटरवर? की गरिबानं, ज्याला कुणी विचारतही नाही? की सगळ्यांनी मिळून, धडधाकट असताना?

या प्रश्नावर आमच्या गावानं विचार केलेला आहे आणि ते मला आधीच ठाऊक असायला हवं होतं. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाशी ज्यांचं नाव कायमचं जोडलेलं आहे ते डॉ. जे. पी. नाईक शिक्षणतज्ज्ञ म्हणून सर्वांना माहीत आहेत. जन्म १९०७, शेजारच्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचा. कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव. केंद्रीय शिक्षण मंत्रालयात सल्लागार असताना ते वेतन म्हणून महिना नाममात्र एक रुपया घेत. पैसा न घेणारा माणूस म्हणून त्यांच्या गोष्टी इथे पुष्कळ सांगितल्या जातात. पण त्यांनी आरोग्यावर केलेलं काम फार थोड्यांना माहीत आहे. आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात सामाजिक शास्त्रं आणि वैद्यकीय संशोधन या दोन राष्ट्रीय परिषदांच्या संयुक्त अभ्यासगटात त्यांनी मनापासून भाग घेतला. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी त्याचे अध्यक्ष होते. 'सर्वांसाठी आरोग्य' या पर्यायी धोरणाचा तो अहवाल १९८१ मध्ये आला आणि त्याच वर्षी ३० ऑगस्टला नाईक गेले. शहरातल्या मोठ्या रुग्णालयांभोवती आणि औषधांभोवती फिरणारी व्यवस्था मोडून ती गावाच्या हाती द्यावी, पाणी, अन्न, स्वच्छता आणि आरोग्य एकत्र पाहावं, असा त्याचा रोख आहे. मी औषधं विकतो, आणि औषधांवरचं आपलं अवलंबन कमी करायला सांगणारा तो अहवाल मला पटला, हेही इथे कबूल करतो.

एक रुपया घेणारा नाईकांसारखा माणूस थोर असतो. पण लोकांनी बरं होण्यासाठी अशा थोर माणसाची वाट पाहायची नसते, हे त्यांनीच त्या कामातून सांगितलं. दोन भावांनी स्वतःचं घर आटवून जे केलं, ते सगळ्या समाजानं कर भरून, ठरवून, रोज करायचं असतं. महाराष्ट्र सरकारनं १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासणी-उपचारापर्यंत सगळं निःशुल्क केलं. जुना मी असतो तर म्हणालो असतो, आता लोकांना किंमत राहणार नाही. आज मला हा निर्णय न्यायाचा वाटतो. तिथे जाणारी बाई कुणाचे उपकार घेत नाही. काडेपेटीपासून एस.टी.च्या तिकिटापर्यंत कर भरून तिनं आपली तीन अंडी आधीच दिलेली आहेत. तिला जाब विचारायचा हक्क आहे, औषध नसेल तर ते का नाही हे विचारायचा हक्क आहे. जाबाचा जो मुद्दा मी पैशाच्या बाजूनं मांडत होतो, तो या बाजूला जास्त जोरानं लागू पडतो.

माझ्या मतातलं न बदललेलं एकच आहे आणि ते मला तितक्याच ठामपणे सांगायचं आहे. पैसे न घेणं हा हेतूचा पुरावा असू शकतो, औषधाचा पुरावा तो कधीच नसतो. काविळीवर रस देणाऱ्या आमच्याकडच्या आबांच्या निर्लोभीपणावर मी आता शंका घेत नाही. त्यांना मी हात जोडतो, आणि त्यांच्याकडे निघालेल्याला आधी रक्त तपासून ये असं सांगतो. अलीकडे आबाच कधीकधी माणसं तपासणीला पाठवतात. त्यांचा अपमान न करता बोलायला लागल्यावर हे झालं, त्यांच्यावर चिडून बोलत होतो तेव्हा झालं नव्हतं.

माझं दुकान आजही चालतं आणि मी औषधाचे पैसे घेतो, कारण माझं घर त्यावर चालतं आणि मी संत नाही. पण दोन गोष्टी मी बदलल्या. साखर, रक्तदाब, फिट्स यांच्या रोजच्या गोळ्या ज्यांना परवडत नाहीत, त्यांना ग्रामीण रुग्णालयात त्या कुठल्या खिडकीवर मिळतात हे मी स्वतः सांगतो, गिऱ्हाईक जातं याची पर्वा न करता. आणि या गोळ्यांची उधारी आता वहीत चढत नाही. कुणी पैसे परत आणून दिले तर घेतो, कुणी नाचणी आणली तर तीही घेतो. माझ्या भावकीतल्या तरुण डॉक्टरांना आणि आमच्या व्यवसायातल्या पोरांना माझं सांगणं आहे की फी घ्या, त्यात लाज नाही. पण जो तुमच्या दारापर्यंत आलाच नाही, त्याचा हिशेब ठेवायला शिका. माझं मत त्या न आलेल्यांनी बदललं.